कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवून काम कसं करायचं: बालविकास केंद्रातल्या थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि समाजसेवकांसाठी

"आई घरी व्यायाम घेत नाही." बालविकास केंद्रात काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, स्पीच थेरपिस्ट म्हणतात, विशेष शिक्षक म्हणतात, आणि मग ते केसपेपरवरही चढतं. आईला नेमकं काय करायला सांगितलं होतं, दिवसाच्या कोणत्या वेळी करायला सांगितलं होतं आणि त्या वेळी तिच्या हातात दुसरी कोणती कामं होती, हे मात्र त्या केसपेपरवर नसतं.

एक साधा हिशेब मांडू. दोन वर्षांचं मूल दिवसाला साधारण १२ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ८४ तास. त्यातली ४५ मिनिटं ते आपल्याकडे असतं, तीही एसटी वेळेवर आली, एक दिवसाची मजुरी बुडवणं परवडलं आणि घरात कुणी आजारी नसलं तर. उरलेले ८३ तास ते आई, आजी, बाबा, भावंडं आणि शेजाऱ्यांच्या हातात असतं. मूल शिकतं ते त्या ८३ तासांत. आपली ४५ मिनिटं त्या माणसांचे हात बळकट करायला वापरायची, एवढंच या पद्धतीचं मूळ आहे. खाली जे लिहिलंय ते सगळं त्यातूनच निघतं.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत १९८६ साली झालेल्या पब्लिक लॉ ९९-४५७ या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलांच्या सेवांसाठी मुलाऐवजी कुटुंबाचा लेखी सेवा आराखडा करायला लावला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या कॅनचाइल्ड या केंद्राने नव्वदच्या दशकात पालकांना सेवा कशी वाटली हे मोजण्याची प्रश्नावली तयार केली. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे आपण ज्यांना डीईआयसी म्हणतो ती, उभी राहिली. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, ऑप्टोमेट्रिस्ट, समाजसेवक अशी माणसं एका छताखाली आणायची ही रचना चांगलीच आहे. पण माणसं एका छताखाली आली म्हणून कुटुंब मध्यभागी येतं असं नाही. ते रोजच्या वागण्यातून आणावं लागतं.

आधी एक फरक मनात पक्का करा

कार्ल डन्स्ट आणि कॅरोल ट्रिव्हेट या अमेरिकी संशोधकांनी या कामाचे दोन भाग सांगितले. पहिला नात्याचा: ऐकून घेणं, मान देणं, समजून घेणं. दुसरा सहभागाचा: कुटुंबासमोर खरे पर्याय ठेवणं, निर्णय त्यांच्याकडे सोपवणं, त्यांना जे येतं त्यावर पुढचं बांधणं. पहिला भाग आपल्याकडे पुष्कळांना छान जमतो. "ताई, काळजी करू नका, आपण बघू" असं मनापासून म्हणणारी माणसं प्रत्येक केंद्रात भेटतात. अडतं ते दुसऱ्या भागात. तासभर मायेने बोलून शेवटी आपण आपलीच ठरवलेली यादी आईच्या हातात दिली, तर तिचा वेळ चांगला गेला, पण निर्णय आपलाच राहिला.

पुढची पावलं समजायला सोपी जावीत म्हणून एक घर डोळ्यांसमोर ठेवू. हे कुणा एका कुटुंबाचं वर्णन नाही, अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. सव्वादोन वर्षांची मुलगी, सातव्या महिन्यात जन्मलेली, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचाल आणि तोल यांत येणारी अडचण. मान धरते, आधार दिला तर बसते, एकटी बसत नाही. ओळखीचा आवाज आला की खुदकन हसते, शब्द दोन-तीनच. घरात आई, बाबा, आजी आणि पाच वर्षांचा भाऊ. बाबा बांधकामावर बिगारी. जिल्ह्याचं ठिकाण एसटीने दीड तासावर.

पहिलं पाऊल: पहिली भेट

पहिल्या भेटीची तयारी कुटुंब दारात येण्याआधी होते. दीड तासाचा प्रवास करून येणाऱ्या आईला फिजिओथेरपीला सोमवार, स्पीचला बुधवार आणि डोळे तपासायला शुक्रवार देणं म्हणजे आपली सोय बघणं झालं. सगळ्या भेटी एकाच दिवशी, शक्यतो परतीची एसटी मिळेल अशा वेळेत बसवा. हे काम नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातात असतं, म्हणून या पद्धतीचं प्रशिक्षण त्या माणसालाही द्या.

भेटीची सुरुवात "काय होतंय?" किंवा "कितव्या महिन्यात डिलिव्हरी झाली?" अशी करू नका. ती माहिती नंतर मिळते. "मुलीबद्दल सांगा ना, कशी आहे ती? तिला काय आवडतं?" असं विचारा आणि थांबा. गप्प बसणं कठीण जातं, पण बसा. ज्या आईला वर्षभर सगळ्यांनी मुलीला काय येत नाही तेवढंच विचारलंय, ती या प्रश्नाने क्षणभर गोंधळते. मग सांगते, भाऊ शाळेतून आला की ही हात-पाय झाडते, त्याच्या दप्तराचा आवाजसुद्धा ओळखते. ही गप्पांतली बाब समजून सोडून देऊ नका. ऐकू येतं, आवाज लक्षात राहतो, माणसाची ओढ आहे, आनंद दाखवता येतो, इतकं सगळं त्या एका वाक्यात कळलं. ते आईसमोर तसंच म्हणा आणि केसपेपरवर लिहा.

त्यानंतर "तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?" हे विचारा. आजी किंवा बाबा सोबत असतील तर त्यांनाही वेगळं विचारा. तिघांची उत्तरं बहुतेक वेळा तीन निघतात आणि तिन्ही लिहून ठेवण्यासारखी असतात.

निदान सांगायची वेळ आली तर काही गोष्टींत तडजोड नको. ओपीडीच्या रांगेत, इतरांसमोर सांगू नका. एकट्या आईला सांगून "घरी जाऊन सांगा" असंही करू नका. डॉक्टरांनाही जे समजावायला अर्धा तास लागतो ते तिने सासरी एकटीने कसं समजावायचं? दोघांना बोलवा, बाबांची मजुरी बुडत असेल तर फोन स्पीकरवर लावा. नाव स्पष्ट सांगा, सोप्या शब्दांत अर्थ सांगा, मग थांबा. पहिल्या पाच मिनिटांनंतरचं फारसं कुणाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून आठवड्याच्या आत दुसरी भेट त्याच वेळी ठरवून द्या.

आणि एक गोष्ट मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगा. आपल्या घरांमध्ये मुलाला काही झालं की बोट पहिल्यांदा आईकडे जातं. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात बाहेर का गेली, जड का उचललं. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल, जन्मताना श्वास अडकला असेल किंवा कावीळ मेंदूपर्यंत गेली असेल, तर "हे आईच्या कुठल्याही चुकीमुळे झालेलं नाही" हे वाक्य नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या देखत, त्यांच्याकडे बघून म्हणा. पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडून आलेल्या त्या एका वाक्याने आईचं घरातलं जगणं बदलू शकतं. मला विचाराल तर पहिल्या भेटीतल्या सगळ्या तपासण्यांपेक्षा ते तातडीचं आहे.

दुसरं पाऊल: घराभोवतीची माणसं कागदावर काढा

अमेरिकी समाजकार्यतज्ज्ञ अ‍ॅन हार्टमन यांनी १९७० च्या दशकात इकोमॅप नावाची सोपी रीत आणली. कोऱ्या कागदाच्या मध्यभागी एक गोल, त्यात घरातली माणसं. भोवती छोटे गोल: मामा, आत्या, शेजारीण, आशाताई, अंगणवाडीताई, बचत गट, बाबांचा मुकादम, गावातला डॉक्टर. ज्यांचा खरा आधार आहे त्यांच्याकडे जाड रेघ, नुसती ओळख असेल तर बारीक, ज्यांच्यामुळे ताण येतो तिथे तुटक. पेन आईच्या हातात द्या. लिहायला संकोच वाटत असेल तर तिने सांगावं, आपण काढावं.

दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्यातून जे कळतं ते फॉर्ममधल्या "कुटुंबाचा प्रकार: एकत्र / विभक्त" या रकान्यातून कधी कळत नाही. आपल्या उदाहरणातल्या घरात आजीकडे जाड रेघ निघते, कारण मुलीला भरवणं आणि मालीश आजीच करते. म्हणजे गेले दोन महिने भरवण्याच्या सूचना आपण ज्या व्यक्तीला देत होतो, ती भरवतच नव्हती. अंगणवाडीकडे रेघच नाही. भाऊ तिथे जायचा, पण हिला "अशा मुलांना नेत नाहीत" या समजुतीने कधी नेलंच नाही. पुढच्या कामाच्या दोन दिशा या कागदावरच मिळाल्या.

तिसरं पाऊल: उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस ऐका

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. अमेरिकेतले शीघ्र हस्तक्षेपाचे तज्ज्ञ रॉबिन मॅकविल्यम यांनी दिनक्रमावर आधारलेल्या मुलाखतीची पद्धत घडवली आहे. पूर्ण मुलाखतीला दोन तासांच्या आसपास लागतात. आपल्या ओपीडीत सलग दोन तास मिळणार नाहीत, म्हणून ती दोन-तीन भेटींत वाटून घ्या: एकदा सकाळ, एकदा दुपार, एकदा संध्याकाळ ते रात्र.

"सकाळी घरात पहिलं कोण उठतं?" इथून सुरू करा. मग प्रत्येक वेळेसाठी विचारत जा: तेव्हा घरातले बाकीचे काय करत असतात? मुलगी कुठे असते, जमिनीवर, झोळीत, कडेवर? ती त्या वेळी काय करते? स्वतःचं स्वतः किती करते? कुणाशी कसा संवाद साधते? आणि शेवटी, "ही वेळ तुमच्या मनासारखी जाते का? पाचपैकी किती गुण द्याल?" या गुणांवर पुढचं बरंच अवलंबून आहे. आईने चूल-चहाच्या वेळेला एक दिला आणि आंघोळीला पाच दिले, तर कुठे हात घालायचा हे तिनेच सांगितलं.

आंघोळीची वेळ नीट ऐका, कारण आपल्या घरांतली तेल-मालीश आणि आंघोळ म्हणजे थेरपीला आयती मिळालेली जागा. आजी पाय पसरून बसते, बाळाला पायांवर पालथं घेते, पाठ चोळते, मग उताणं करते, तोंडाने काहीतरी गुणगुणत असते. पालथं घेतल्यावर मान वर उचलायला मिळते. उताणं असताना दोन्ही हात छातीवर एकत्र आणता येतात. आजी गाणं मध्येच थांबवून मुलीकडे बघत राहिली तर मुलीला "अजून" म्हणायची संधी मिळते, आवाजाने, डोळ्यांनी किंवा पाय झाडून. वेगळा वेळ काढावा लागत नाही. नाका-कानात तेल घालायचं नाही, एवढी एक सूचना द्या. बाकी आजीला जे येतं ते येऊ द्या.

मुलाखतीच्या शेवटी मॅकविल्यम यांच्या पद्धतीत दोन प्रश्न येतात आणि ते सोडू नयेत. रात्री झोप लागत नाही तेव्हा मनात कसली काळजी असते? आणि आयुष्यात एखादी गोष्ट बदलायची झाली तर कोणती बदलाल? उत्तर मुलीबद्दलच असेल असं नाही. नवऱ्याचं दारू पिणं, कर्ज, माहेरी जाता न येणं, पुढच्या बाळंतपणाची भीती, काहीही येऊ शकतं. हे प्रश्न विचारायचे तर उत्तर सांभाळायची तयारी हवी. समाजसेवक किंवा मानसशास्त्रज्ञ हाताशी असू द्या आणि जे ऐकलं ते केंद्राच्या जेवणाच्या टेबलावर नेऊ नका.

चौथं पाऊल: उद्दिष्ट त्यांच्या शब्दांत

मुलाखतीत आलेल्या गोष्टींची यादी वाचून दाखवा आणि कुटुंबाला निवडू द्या. दहाएक गोष्टी निघाल्या तर त्यांचा क्रमही त्यांनीच लावावा. मग उद्दिष्ट लिहा.

"ट्रंक कंट्रोल (धड सावरणं) सुधारणे" हे आपलं उद्दिष्ट झालं. कुटुंबाचं उद्दिष्ट असं असतं: "संध्याकाळच्या जेवणाला मुलगी सगळ्यांच्या पंगतीत, भिंतीच्या कोपऱ्यात उशांच्या आधाराने बसेल आणि जेवण होईपर्यंत, म्हणजे दहा मिनिटं, बसून राहील, आठवड्यातून पाच दिवस." कुठे, केव्हा, कुणासोबत, किती वेळ, हे सगळं त्यात आलं. कण्याचे स्नायू त्यातही काम करणारच आहेत. फरक इतकाच की आजीला प्रगती स्वतःच्या डोळ्यांनी मोजता येते.

आता अवघड भाग. पुष्कळ पालक एकच म्हणतात: "चालायला लागू दे, बाकी काही नको." मुलगी दोन वर्षांची आहे, हालचालींच्या पाच स्तरांच्या जीएमएफसीएस वर्गीकरणात ती चौथ्या स्तरावर दिसते आणि स्वतंत्र चालण्याची शक्यता कमी आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. इथे दोन चुका होतात. एक तर "हो हो, चालेल" असं म्हणून वेळ मारून नेली जाते, नाही तर "अपेक्षा ठेवू नका" असं म्हणून दार लावून घेतलं जातं. तिसरी वाट म्हणजे विचारणं: "ती चालायला लागली की सगळ्यात आधी काय करेल असं तुमच्या डोळ्यांसमोर येतं?" आई म्हणते, "अंगणात पोरं खेळतात तिथे जाईल. आता उंबऱ्याच्या आत बसून नुसती बघत राहते." मग अंगणात पोरांमध्ये असणं हे उद्दिष्ट आजपासून सुरू होऊ शकतं, पोत्यावर, आधाराच्या खुर्चीत किंवा भावाच्या मांडीला टेकून. उभं राहण्याचं काम सोबत चालू ठेवा. चालण्याबद्दल जे माहीत आहे ते पालक विचारतील तेव्हा खरं सांगा. वर्गीकरण दोन वर्षांनंतर अधिक भरवशाचं होतं, हेही सांगा.

कॅनचाइल्डच्या पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गॉर्टर यांनी २०१२ मध्ये मुलांच्या अपंगत्वाकडे बघण्यासाठी सहा गोष्टी मांडल्या: कार्य, कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि भविष्य. आपल्या उद्दिष्टांच्या वह्या चाळून बघा. कार्य जागोजाग सापडेल. मजा आणि मित्र किती पानांवर आहेत ते मोजा.

पाचवं पाऊल: मूल आपल्या हातात न घेता शिकवणं

बहुतेक सेशन असं चालतं: आई मूल टेबलावर ठेवते, थेरपिस्ट हाताळतो, आई खुर्चीवर बसून बघते. चांगल्या थेरपिस्टच्या हातात मूल सुरेख हालचाली करतं आणि आईला वाटतं, आपल्याला हे कधी जमणार नाही. तिच्या आत्मविश्वासाचं यात नुकसान होतं.

भरवण्याचं उदाहरण घेऊ. आजीला पुढच्या भेटीला डबा आणि घरचाच चमचा घेऊन यायला सांगा. जमिनीवर सतरंजी टाका. "घरी भरवता तसंच भरवा, मी नुसती बघते." आजी मुलीला मांडीवर आडवं घेते, मान मागे जाते, वरण-भाताचा मोठा घास वरून तोंडात सोडते. मुलगी ठसकते. इथे चमचा हिसकावून घ्यायचा मोह आवरा. विचारा: "हे असं ठसकणं रोज होतं का? कशाने जास्त होतं?" आजी सांगते, पातळ वरणाने जास्त होतं, घट्ट मऊ भाताने कमी. अर्धं निदान तिनेच केलं.

मग एकच बदल सुचवा: मुलीला बसतं करून, पाठ आजीच्या छातीला टेकवून, मान किंचित पुढे झुकलेली, चमचा समोरून आणि खालून. आजी करून बघते. चार घास होऊ द्या. "काय फरक वाटला?" हे तिच्या तोंडून येऊ द्या. ती म्हणेल, "ठसकली नाही, पण माझा हात अवघडला." मग हात कुठे टेकवायचा, उशी कुठे ठेवायची हे दोघी मिळून शोधा. आधी बोलणं, मग बघणं, मग करून बघणं, मग त्यांनी विचार करणं आणि शेवटी आपण दोन शब्द सांगणं, असा हा क्रम. एक इशारा: भरवताना नेहमी ठसका, खाल्ल्यावर घशात ओला घरघर आवाज किंवा वारंवार न्यूमोनिया असेल, तर हे घरगुती पातळीवर ठेवू नका, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

भेट संपताना "उद्यापासून हे करा" असं म्हणण्याऐवजी "हे कोणत्या दिवशी जमणार नाही?" असं विचारा. आजी सांगेल, बाजाराच्या दिवशी ती घरी नसते. मग त्या दिवशी कोण भरवणार, त्याला कोण दाखवणार, हे तिथेच ठरतं. एका भेटीत एक बदल, फार तर दोन. चार विभागांतून चार-चार सूचना घेऊन जाणारी आई घरी जाऊन त्यातली एकही धड करू शकत नाही.

घरच्या समजुतींचं काय?

दृष्ट काढणं, काळा दोरा, देवाला बोलणं, यांना हात लावू नका. त्यातून मुलाला इजा नाही आणि घराला धीर मिळतो. पण कुटुंबाला मान देणं म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान डोलावणं नव्हे. मेळघाटासारख्या भागात बाळाच्या पोटावर चटके देण्याची प्रथा आहे, काही घरांत झटके थांबले म्हणून फिटचं औषध परस्पर बंद केलं जातं. तिथे स्पष्ट शब्दांत थांबवा आणि कारण सांगा: औषध अचानक सोडलं तर झटका पुन्हा, जास्त जोराने येऊ शकतो. ओरडून सांगितलंत तर पुढच्या वेळी तेच करतील आणि तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून सांगायची रीत जपा.

सहावं पाऊल: कुटुंबासाठी एकच माणूस

प्रत्येक कुटुंबासाठी टीममधली एक व्यक्ती ठरवा, जिचा फोन नंबर आईकडे असेल आणि जिला त्या घराचं सगळं ठाऊक असेल. ती विशेष शिक्षक असेल, समाजसेवक असेल, फिजिओथेरपिस्टही चालेल. कुटुंबाचं कुणाशी जमतं ते बघा. बाकीचे तज्ज्ञ आपल्या सूचना त्या व्यक्तीमार्फत देतात. आठवड्यातून अर्धा तास टीमने एकत्र बसून प्रत्येक मुलासाठी एकच पान तयार ठेवायचं: चालू उद्दिष्टं, या महिन्यातला बदल, पुढची तारीख. डीईआयसीत हे शक्य आहे, कारण माणसं एकाच इमारतीत आहेत.

कागदपत्रांचं ओझंही याच व्यक्तीने हलकं करायचं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि दिव्यांग प्रमाणपत्र; ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना, जिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे; पात्रता बसत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान. नुसती नावं सांगून भागत नाही. कोणत्या खिडकीवर, कोणते कागद घेऊन, कोणत्या वारी जायचं, हे एका चिठ्ठीवर लिहून द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरून घरचा व्हिडिओ मागवत असाल तर आधी परवानगी घ्या, तो कोण बघेल ते सांगा आणि काम झालं की पुसा. मोठ्या स्क्रीनवर सगळ्या स्टाफने बघायचा तो सिनेमा नाही, एखाद्याच्या घराचं आतलं दृश्य आहे.

बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या केंद्रांनी एक जास्तीची तयारी ठेवावी. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेलं कुटुंब थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. त्याला "भेटी चुकवणारे" असं न म्हणता ऑक्टोबरातच त्यांच्यासोबत बसा: कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, मुलीला दिवसभर कोण सांभाळणार, फडात नेणार की मागे ठेवणार, बसायला आधार कशाचा, फिटचं औषध किती महिन्यांचं द्यायचं, जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, फोन कोणत्या वेळी लागतो. त्या पाच-सहा महिन्यांचा आराखडा वेगळाच असेल. हरकत नाही.

ओपीडीत पंधराच मिनिटं असतील तर

हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो आणि तो योग्यच आहे. बाहेर रांग असताना सगळी पावलं दर भेटीत होणार नाहीत. माझा आग्रह एवढाच: "मागच्या वेळी ठरलं त्यातलं काय जमलं, काय नाही?" याला पहिली तीन मिनिटं. "आज कशावर काम करायचं?" हे आईने ठरवायचं, त्याला एक मिनिट. मग दहा मिनिटं तिच्या किंवा आजीच्या हातात मूल ठेवून एकच गोष्ट करून बघणं, आणि शेवटचं मिनिट पुढच्या अडचणीचा अंदाज घ्यायला. दिनक्रमाची मुलाखत नव्या कुटुंबांसाठी आठवड्यातला कमी गर्दीचा एक अर्धा दिवस राखून करा. वरिष्ठांना हे पटवायचं असेल तर भेटी अर्ध्यावर सोडणाऱ्या कुटुंबांची रजिस्टरमधली नोंद काढून दाखवा.

सातवं पाऊल: आपलं काम कुटुंबाकडून मोजून घ्या

कॅनचाइल्डच्या प्रश्नावलीची छोटी आवृत्ती, एमपीओसी-२०, वीस प्रश्नांची आहे आणि सात गुणांच्या मोजपट्टीवर उत्तरं घेते. मान आणि आधार, सहभागाने निर्णय, सेवांचा मेळ, मुलाबद्दलची नेमकी माहिती आणि सर्वसाधारण माहिती अशा पाच बाजू त्यात आहेत. वेगवेगळ्या देशांत ती वापरल्यावर बहुधा सगळ्यात कमी गुण सर्वसाधारण माहितीला पडतात: योजना कोणत्या, इतर पालक कुठे भेटतील, पुढे काय वाढून ठेवलंय. म्हणून महिन्यातून एकदा पालकांची बैठक ठेवा आणि जुन्या पालकांना बोलू द्या. बाबांसाठी ती रविवारी असावी.

प्रश्नावली वापरायची नसेल तर तीन प्रश्न पुरेत: आराखड्यातली कोणती गोष्ट तुम्ही स्वतः ठरवली? कोणती सूचना घरी जमली नाही आणि ते तुम्ही आम्हाला सांगू शकलात का? इथे येऊन घरी जाताना तुम्हाला हलकं वाटतं की ओझं वाटतं? हे थेरपिस्टने स्वतः विचारू नये. मुलाला ज्यांच्या हाती सोपवलंय त्यांच्या तोंडावर कुणी तक्रार करत नाही.

केंद्रातून पुढे जाताना

मुलगी तीनची होत आली की अंगणवाडीचं बोलणं सुरू करा. महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला आहे, तेव्हा "आमच्याकडे घेत नाहीत" हे उत्तर मान्य करण्याचं कारण नाही. आईसोबत एकदा स्वतः अंगणवाडीत जा. ताईंना भीती वाटते ती बहुतेक वेळा ठसका, पडणं आणि शू-शी यांची. त्या तीन गोष्टी आजीनेच त्यांना करून दाखवाव्यात, तिच्यापेक्षा चांगलं कुणालाच येत नाही. पुढे शाळेची वेळ येईल तेव्हा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा हाताशी आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे.

जाताना कुटुंबाकडून एक पान लिहून घ्या, मुलीच्या वतीने: मला काय आवडतं, मी "हो" आणि "नको" कसं सांगते, मला बसवायचं कसं, भरवायचं कसं, कशाने मी घाबरते, औषध कोणतं आणि केव्हा, माझ्या भावाचं नाव काय. आपण फक्त अक्षर काढायचं, मजकूर त्यांचा. या पानाची मूळ प्रत लॅमिनेट करून घरी द्या, झेरॉक्स केंद्राच्या फाइलला लावा.